बँकॉक ते सिंगापूर: अंतर आणि प्रवासाचा वेळ नेमका कसा मोजावा

बँकॉक आणि सिंगापूर यांच्यात अंतर किती, असे विचारले की १,४१७ किलोमीटर, १,४३० किलोमीटर, १,४४५ किलोमीटर आणि जवळजवळ २,००० किलोमीटर अशी चार उत्तरे मिळतात, आणि ती चारही आपापल्या जागी बरोबर असतात. वेळेचेही तसेच आहे. अंतर मोजून देणारी संकेतस्थळे पावणेदोन ते सव्वादोन तास सांगतात, विमानकंपनी जवळजवळ अडीच तास लावते, आणि तिकिटावर छापलेली सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा केली तर जाताना साडेतीन तासांच्या आसपास आणि परतताना दीड तासाच्या आसपास आकडा येतो. पहिल्यांदाच या भागात जाणारा माणूस इथे हमखास गोंधळतो. त्यातही यांपैकी कोणताही आकडा त्याच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर नसतो, कारण त्याला जाणून घ्यायचे असते ते बँकॉकच्या हॉटेलातून निघाल्यावर सिंगापूरच्या हॉटेलात आपण किती वाजता पोहोचू एवढेच. या आकड्यांपासून सुरुवात करून त्या उत्तरापर्यंत कसे जायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पायरी १: आधी विमानतळ पाहा

बँकॉकला दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत. शहराच्या पूर्वेला सुवर्णभूमी आहे, जो सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाला आणि ज्याची तिकिटावरील खूण ‘बीकेके’ ही तीन अक्षरे आहे. उत्तरेला जुना डॉन म्यूआंग आहे. त्याची खूण ‘डीएमके’. पूर्ण सेवा देणाऱ्या बहुतेक कंपन्या सुवर्णभूमीवरून जातात, तर थाई एअरएशिया आणि थाई लायन एअर यांसारख्या स्वस्त कंपन्यांचा मुख्य तळ डॉन म्यूआंगला आहे. सिंगापूरच्या बाजूला असा प्रश्न येत नाही; तिथे चांगी हाच आपल्या कामाचा विमानतळ, त्याची खूण ‘एसआयएन’.

सुरुवातीच्या चार आकड्यांपैकी तिघांचा उलगडा इथेच होतो. सुवर्णभूमी ते चांगी हे अंतर सुमारे १,४१७ किलोमीटर आहे, डॉन म्यूआंग ते चांगी सुमारे १,४४५, आणि दोन शहरांच्या मध्यबिंदूंमधले सुमारे १,४३०. चौथा आकडा जमिनीवरच्या वाटेचा आहे. त्याकडे नंतर वळू. विमानतळ कोणताही असो, हवेतला फरक दोन-तीन मिनिटांचा असतो. जमिनीवरचा फरक मात्र फार मोठा आहे. चुकीच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाला बँकॉकच्या रहदारीतून दुसरे टोक गाठायला एक तास पुरेल याची खात्री नसते, आणि दोन्ही नावांत ‘बँकॉक’ असल्यामुळे टॅक्सीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ सांगून चालत नाही. तिकीट काढतानाच ती तीन अक्षरे वाचावीत.

पायरी २: अंतर स्वतः मोजून पाहा

ही पायरी वगळली तरी प्रवास अडणार नाही, परंतु संकेतस्थळावरचा आकडा खरा की नुसताच चिकटवलेला, हे ओळखण्याची ताकद तिच्यामुळे येते. लागते ती फक्त शाळेतली पायथागोरसची रीत.

नकाशावर सुवर्णभूमीचे अक्षांश १३.६९ उत्तर आणि रेखांश १००.७५ पूर्व असे दिसतात, तर चांगीचे १.३६ उत्तर आणि १०३.९९ पूर्व. अक्षांशांमधला फरक १२.३३ अंश होतो. पृथ्वीवर एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर साधारण १,३६९ किलोमीटर येते. रेखांशांमधला फरक ३.२४ अंश आहे. दोन रेखावृत्तांमधले अंतर विषुववृत्तावर सर्वाधिक असते आणि ध्रुवांकडे ते कमी होत जाते. या पट्ट्यात एका अंशाला ११० किलोमीटर धरले की पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ३५६ किलोमीटर होते. आता दोन्हींचे वर्ग घ्यावेत: १८,७४,१६१ आणि १,२६,७३६. बेरीज २०,००,८९७, आणि तिचे वर्गमूळ सुमारे १,४१५. अचूक गणित करणारे संकेतस्थळ १,४१७ दाखवते, म्हणजे कागद-पेन्सिलीने आपण दोन किलोमीटरच्या आत आलो.

एवढी सोपी रीत इथे चालते, कारण दोन्ही शहरे विषुववृत्ताजवळ आहेत आणि अंतर बेताचे आहे. मुंबई ते लंडन याच रीतीने मोजायला गेलात तर उत्तर बरेच चुकेल. तिथे पृथ्वीचा गोलावा धरूनच हिशेब करावा लागतो. काही तक्ते अंतर सागरी मैलांत देतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून आपले अंतर सुमारे ७६५ सागरी मैल भरते. हा आकडा साध्या मैलांचा समजू नये, ते सुमारे ८८० होतात.

ही सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती बँकॉकहून थायलंडच्या आखातावर जाते, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याला तेरेंगानूजवळ गाठते आणि पाहांग व जोहोर या राज्यांवरून सिंगापुरात उतरते. प्रत्यक्ष विमान ठरवून दिलेल्या बिंदूंवरून जाते, त्यामुळे त्याची वाट या रेषेपेक्षा थोडी लांब असते. सकाळच्या विमानात उन्हाचा त्रास नको असेल तर दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी मागावी, कारण ऊन डावीकडून येते.

पायरी ३: अंतरावरून उड्डाणाचा वेळ काढा

या मार्गावर बहुतेक वेळा एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीचे अरुंद विमान असते. उंचीवर स्थिरावल्यावर त्याचा वेग ताशी सुमारे ८३० किलोमीटर असतो. १,४१७ भागिले ८३० केल्यावर एक तास ४२ मिनिटे येतात, आणि संकेतस्थळांवरचा ‘पावणेदोन तास’ हा आकडा इथूनच जन्मतो. तो खोटा नाही, पण तो धरायला विमानाने धावपट्टीवरूनच पूर्ण वेगाने निघून त्याच वेगाने उतरायला हवे. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, विमानतळाभोवती वळसे घ्यावे लागतात, आणि या सगळ्यासह विमान साधारण दोन तास हवेत राहते.

तिकिटावरचा वेळ याहूनही जास्त असतो, कारण विमानकंपनी उड्डाणाचा वेळ धावपट्टी सोडल्यापासून मोजत नाही. विमान जागेवरून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी उभे राहीपर्यंतचा सगळा काळ ती धरते. सुवर्णभूमीसारख्या मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि तिथे रांगेत थांबण्यात १५-२० मिनिटे सहज जातात. चांगीला उतरल्यावर आणखी पाच-दहा. शिवाय वेळेवर पोहोचल्याची नोंद व्हावी म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. हे सगळे मिळून तिकिटावर दोन तास २० मिनिटे ते अडीच तास असा वेळ दिसतो, आणि नियोजनासाठी तोच धरावा. संकेतस्थळांवर ‘दोन तास १६ मिनिटे’ यासारखा आकडा दिसला तर तो बहुधा अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागून वर अर्धा तास मिळवलेला असतो. ती सोय म्हणून ठीक आहे, वेळापत्रक म्हणून नाही.

मोठे विमान मिळाले तर लवकर पोहोचू, अशी पुष्कळांची समजूत असते. ए३५० किंवा ७८७ यांचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तरी या अंतरावर बचत होते ती सात-आठ मिनिटांची. पाय पसरायला जागा हवी म्हणून मोठे विमान जरूर निवडावे. वेळ वाचेल म्हणून चार पैसे जास्त मोजू नयेत.

आपल्याकडच्या प्रवाशाला अंदाज यावा म्हणून सांगायचे तर मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे आणि मुंबई ते कोलकाता सुमारे १,६६०. बँकॉक-सिंगापूर यांच्या बरोबर मधे बसते.

पायरी ४: घड्याळातला एक तास विसरू नका

सर्वाधिक घोटाळे इथे होतात. थायलंडची वेळ ग्रिनिच वेळेच्या सात तास पुढे आहे, सिंगापूरची आठ तास. आपल्या भारतीय घड्याळाशी ताडून पाहिले तर बँकॉक दीड तास पुढे आणि सिंगापूर अडीच तास पुढे. विमानाच्या तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते, हा नियम जगभर पाळला जातो आणि त्याला अपवाद नाही.

समजा, विमान बँकॉकहून सकाळी १०:०० ला सुटते आणि त्याला दोन तास २५ मिनिटे लागतात. बँकॉकच्या घड्याळात तेव्हा १२:२५ झालेले असतील, पण तिकिटावर पोहोचण्याची वेळ १३:२५ छापलेली दिसेल. हेच विमान सिंगापूरहून १०:०० ला निघाले तर बँकॉकला ते ११:२५ ला पोहोचलेले दिसेल. एका बाजूला तीन तास २५ मिनिटे आणि दुसऱ्या बाजूला एक तास २५ मिनिटे, असे दिसले तरी प्रवास दोन्हीकडे तेवढाच आहे. दक्षिणेकडे जाताना वजाबाकीतून एक तास काढावा, उत्तरेकडे येताना एक तास मिळवावा. मोबाइल उतरल्यावर आपोआप जुळवून घेतो. मनगटी घड्याळ मात्र स्वतः पुढे करावे लागते, आणि परतीच्या दिवशी ते मागे करायचे राहिले तरी निदान आपण विमानतळावर लवकर पोहोचतो. उलट बाजूची विसराळूपणाची चूक महागात पडते.

हा फरक सूर्याने ठरवलेला नाही. पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटे घेते, त्यामुळे सव्वातीन अंशांच्या अंतरावरच्या या दोन शहरांत सूर्य माथ्यावर येण्याच्या वेळेतला खरा फरक केवळ १३ मिनिटांचा असायला हवा. सिंगापूरची वेळ पूर्वी ग्रिनिचच्या साडेसात तास पुढे होती. मलेशियाने आपल्या पूर्व आणि पश्चिम भागांची वेळ एक करण्यासाठी १ जानेवारी १९८२ पासून पश्चिम भागाचे घड्याळ अर्धा तास पुढे नेले, तेव्हा शेजारच्या सिंगापूरनेही तेच केले. परिणामी सिंगापुरात वर्षभर सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेसहाला बाहेर अंधार पाहून आपला गजर चुकला, असे समजू नये.

रात्रीच्या विमानाला आणखी एक बाब जोडलेली असते. बँकॉकहून २२:३० ला सुटलेले विमान सिंगापूरला ००:५५ ला नव्हे, तर ०१:५५ ला पोहोचते, आणि तिकिटावर त्यापुढे छोटासा ‘+१’ असतो. त्याचा अर्थ तारीख बदलली. हॉटेलची खोली मात्र आदल्या तारखेपासून घ्यावी लागते, नाहीतर पहाटे तीन वाजता स्वागतकक्षातला माणूस ‘तुमची खोली दुपारपासून आहे’ असे अत्यंत नम्रपणे सांगतो. त्या वेळी चांगीहून शहरात जाणारी मेट्रोही बंद झालेली असते, त्यामुळे टॅक्सीचा खर्च धरूनच रात्रीच्या तिकिटाची स्वस्ताई मोजावी.

पायरी ५: दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडा

एक कागद घेऊन उलट्या क्रमाने, म्हणजे विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजत जाणे सर्वांत सोयीचे पडते. आधी घेतलेले १०:०० चे विमान सुवर्णभूमीवरून आहे असे धरू.

आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी दोन ते अडीच तास आधी विमानतळावर असावे, म्हणजे साधारण ७:४५. स्वस्त कंपन्यांचे सामान घेणारे काउंटर सहसा विमानाच्या ६० मिनिटे आधी बंद होते आणि तिथे विनवणी चालत नाही. पासपोर्ट तपासणीची रांग हा यातला सर्वांत बेभरवशाचा भाग आहे; एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाच्या दिवसांत आणि डिसेंबरच्या शेवटी तीन तास हाताशी ठेवलेले बरे. सुवर्णभूमीला २०२३ पासून मुख्य इमारतीपासून दूर असलेली एक नवी इमारतही वापरात आहे. तिच्यातला गेट मिळाला तर भुयारातल्या स्वयंचलित गाडीने जावे लागते, म्हणून गेट क्रमांक पाहिल्याशिवाय दुकानांत रमू नये.

शहरातून सुवर्णभूमीला जाण्यासाठी एअरपोर्ट रेल लिंक ही गाडी फाया थाई स्थानकाहून सुटते आणि सुमारे अर्ध्या तासात पोहोचवते. हॉटेल ते फाया थाई हा टप्पा धरून एक तास ठेवावा. टॅक्सीला पहाटे पाऊण तास पुरतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी, त्यातही पाऊस असेल तर, दीड तासही कमी पडतो. डॉन म्यूआंगलाही आता गडद लाल मार्गाची उपनगरी गाडी जाते. अशा रीतीने १०:०० च्या विमानासाठी हॉटेल ६:३० ते ६:४५ च्या दरम्यान सोडावे लागते.

आता पुढच्या टोकाला या. विमान १३:२५ ला उभे राहिले. दरवाजा उघडणे, चालणे, पासपोर्ट तपासणी आणि सामान यांना पाऊण तास धरावा. चांगीला स्वयंचलित मार्गिकांमुळे रांग भरभर सरकते आणि बहुधा यापेक्षा कमी वेळ लागतो. तिथून मेट्रोने शहराच्या मध्यभागी जायला पाऊण तास, आणि त्यात ताना मेरा येथे गाडी बदलणे बहुधा येते. म्हणजे हॉटेलात तुम्ही तीनच्या सुमारास. सकाळी पावणेसातला निघून दुपारी तीनला पोहोचलात, त्यातला एक तास घड्याळाचा. उरलेले सव्वासात तास हाच बँकॉक-सिंगापूर प्रवासाचा खरा वेळ. दोन तासांचा प्रवास आहे म्हणून त्याच दिवशी दुपारी बाराला कोणाला भेटायचे कबूल करून बसू नये.

या हिशेबात कागदपत्रांचा वेळ धरलेला नाही, कारण तो आधीच घालवायचा असतो. सिंगापूरला जाणाऱ्याने पोहोचण्याच्या तारखेसह तीन दिवसांच्या आत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरावे लागते. थायलंडनेही १ मे २०२५ पासून असेच डिजिटल कार्ड सुरू केले आहे. दोन्ही मोफत आहेत. त्यांच्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे, हे ओळखून तिथून निघावे. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. थायलंडचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर ते पाहावेत.

परतीच्या वाटेवर चांगीची एक खासियत लक्षात ठेवावी. तिथल्या टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सामानाची सुरक्षा तपासणी प्रत्येक गेटच्या तोंडाशी होते. पासपोर्टवर शिक्का नाही, रांग नाही, सगळे झटपट झाले म्हणून आपण बाटली भरून घेतो, दुकाने फिरतो, आणि गेटवर आल्यावर ती बाटली तशीच रिकामी करावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही तपासणी अजून बाकी आहे हे ठाऊक नसल्याने लोक शेवटच्या क्षणी गेटवर येतात. टर्मिनल ४ ला ही तपासणी आधीच एका ठिकाणी होते, पण ते बाकीच्यांपासून वेगळे उभे आहे आणि तिथे बसने जावे लागते.

पायरी ६: हवामान आणि उशीर

मुंबईहून युरोपला जाताना आणि येताना लागणाऱ्या वेळेत मोठा फरक पडतो, कारण पश्चिमेकडून वाहणारे जोरदार वारे एका दिशेला अडवतात आणि दुसरीला ढकलतात. बँकॉक-सिंगापूर मार्ग उत्तर-दक्षिण आणि विषुववृत्ताजवळचा असल्यामुळे इथे तसे होत नाही. उशीर होतो तो गडगडाटी ढगांमुळे. साधारण एप्रिल ते नोव्हेंबर या काळात सुमात्रा बेटाकडून येणारी वादळी पावसाची फळी सिंगापूरवर बरेचदा पहाटे किंवा सकाळी धडकते, आणि ती ओसरेपर्यंत विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हा खोळंबा सहसा अर्ध्या-पाऊण तासाचा असतो.

स्वस्त कंपन्यांचे एकच विमान दिवसभर या शहरातून त्या शहरात फेऱ्या मारते, त्यामुळे सकाळचा अर्ध्या तासाचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. वेळ पाळणे महत्त्वाचे असेल तर दिवसातले पहिले विमान घ्यावे.

जमिनीवरून जायचे झाल्यास

सुमारे १,९०० ते २,००० किलोमीटरची वाट आहे आणि ती एका गाडीत होत नाही. बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकाहून दुपारनंतर निघणारी रात्रगाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पादांग बेसार या सीमेवरच्या स्थानकात पोहोचते. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी तिथे एकाच इमारतीत होते, आणि घड्याळ तिथेच एक तास पुढे करायचे असते. पुढे मलेशियाच्या गाड्यांनी क्वालालंपूरमार्गे जोहोर बाहरू, आणि तिथून खाडीवरचा एक किलोमीटरचा बांध ओलांडून सिंगापूरच्या वुडलँड्सला. ही शेवटची गाडी पाच मिनिटांची आहे. सिंगापूरच्या तांजोंग पगार या जुन्या स्थानकात २०११ च्या मध्यापासून गाडी जात नाही, तरी काही नकाशांत ते अजून शेवटचे स्थानक म्हणून दिसते. एकंदर दोन दिवस ठेवावेत, आणि पैसे वाचतील या आशेने मात्र ही वाट धरू नये.

मुंबईच्या विमानाशी जोडताना

महाराष्ट्रातून जाणारे पुष्कळ लोक मुंबईहून बँकॉकला जातात आणि परतीचे विमान सिंगापूरहून पकडतात. ही आखणी चांगली आहे, कारण त्याच वाटेने मागे यावे लागत नाही. मुंबई-बँकॉक साधारण सव्वाचार ते साडेचार तास आणि सिंगापूर-मुंबई साडेपाच तासांच्या आसपास. मात्र बँकॉकहून सिंगापूरला जाऊन त्याच दिवशी मुंबईचे विमान घ्यायचे असेल आणि दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. अशा वेळी दोन विमानांत निदान चार तास ठेवावेत. सोबत मोठी बॅग असेल तर ती चांगीला बाहेर येऊन घ्यावी लागते आणि पुन्हा नव्याने द्यावी लागते. बाहेर यायचे म्हणजे सिंगापुरात प्रवेश करायचा, आणि त्यासाठी व्हिसा हवा. तो नसेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, आणि बॅगेवर थेट मुंबईची चिठ्ठी लागली आहे ना, हे बँकॉकच्या काउंटरवरच वाचून घ्यावे.